नातीने मास्तर बदलला

मंडळी, आज पाच वर्षांच्या नातीसाठी शिकवणारा, हातात धरायचा व्हिडिओ गेम घ्यायला तिला घेऊन हिंगणघाटला गेलो. एरवी तिला अक्षरं मीच शिकवतो.

"काका, भाषणात तं तुमी स्क्रीन फेका म्हणता," दुकानदार हसला.

"म्हणूनच इंटरनेट नसलेला दाखव."

त्याने दोन दाखवले. एकात नुसत्या शर्यती होत्या, दुसऱ्यात मराठी मुळाक्षरं. नातीने दुसरा उचलला. 'ळ' तीनदा चुकला. यंत्र दर वेळी शांतपणे म्हणालं, "पुन्हा करून बघ."

"आबा, हे रागावतच नाई. आता तुमी नोका शिकवू मले."

मी गेम घेतला.

घरी येऊन हे लिहितोय. तिच्या बोलण्याचं वाईटही वाटत नाही, खरंच आहे ते. लेकरू तिसऱ्यांदा चुकलं, की तुमचा आवाज कसा असतो?