नाईटवाल्यांच्या चपला

१९८७, डिसेंबरातला पहिला रविवार, मासवण, शाळेचा व्हरांडा, औषधपाण्याचं शिबिर. हजर: मुंबईहून आलेले डॉक्टर, त्यांच्याबरोबरचे म्हातारे नाईट, चपला शिवणारे कारागीर, बोईसरच्या आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या आम्ही तिघी आणि चहाचं भलंमोठं पातेलं. गैरहजर: पेशंट. सगळेच्या सगळे.

नाईट ही काय भानगड आहे ते आधी सांगून टाकते. यात्रेला निघून वाटेत आजारी पडलेल्या लोकांची शुश्रूषा करायला शेकडो वर्षांपूर्वी काही ख्रिस्ती माणसांनी एक संघ काढला. पुढे त्यांच्या हाती तलवारी आल्या, घोडे आले, किल्ले आले. मग तेही सगळं गेलं आणि शुश्रूषा तेवढी उरली. आता त्यांची माणसं देशोदेशी दवाखाने चालवतात, पूर आला की औषधं घेऊन धावतात आणि कुष्ठरोग्यांची काळजी घेतात. आमच्याकडे येणारे नाईट वांद्र्याचे, बोटीच्या कंपनीतून रिटायर झालेले. घोडा त्यांनी व्हिक्टोरिया गाडीला जुंपलेला पाहिला असेल तेवढाच. कोटावर आठ टोकांचा पांढरा क्रूस, डोक्यावर माकडटोपी.

त्यांना मराठीत काय म्हणायचं, यावर मंडळाच्या दोन बैठका खर्ची पडल्या होत्या. सरदार म्हटलं तर लोक पगडी शोधणार. शूरवीर म्हटलं की ते स्वतःच लाजून खाली बघत. शेवटी ठरलं, नाईट ते नाईटच.

त्या दिवशी लोक उठूनसवरून येतील म्हणून आम्ही वाट पाहिली. रांगेसाठी दोरी बांधली. पाणी गरम झालं, मलमं मांडली, पट्ट्या कापून झाल्या. कुत्रं येऊन गेलं. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी कुंपणापाशी थांबली.

"एवढ्या लवकर कशाला मांडून बसलात?" तिनं विचारलं.

"लवकर कुठे? शिबिर आत्ताच आहे की!"

"आता? तो रिक्षावाला तर बोलला, नाईटचं हाय."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. भोंगा लावून गावोगाव शिबिराची हाळी द्यायला सरावली गावच्या एका रिक्षावाल्याला सांगितलं होतं. तो बाहेर झाडाखाली सीटवर पाय पसरून झोपला होता. त्याला हलवून उठवलं.

"काय रे बाबा, काय सांगितलंस तू लोकांना?"

"तुम्ही सांगितलं तेच. रविवारी नाईटवाल्या डॉक्टरांचं शिबिर, सर्वांनी लाभ घ्यावा." मग जरा अभिमानाने, "रात्री जेवूनखाऊन या, हे मी माझ्याकडनं घातलं."

"अरे, नाईट म्हणजे हे आजोबा!"

त्याने माकडटोपीकडे निरखून पाहिलं. "बाई, मी कारखान्यात तीन वर्षं नाईट करतोय. नाईट म्हणजे नाईट. आजोबा कसे असतील?"

नाईटांना हसू आवरेना. "आमी कवाच रात्री नाय आला," ते त्यांच्या वांद्र्याच्या मराठीत म्हणाले. "रात्री आमाला दिसतच नाय!"

हसणं ठीक होतं, पण एका बाईसाठी आजचाच दिवस होता. कुष्ठरोग तिचा औषधाने बरा झाला होता, पण तळपायांची जाणीव काही परत आली नव्हती. काटा रुतला, निखारा लागला तरी कळत नसे. आधीची जखम भरायला पावसाळा गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की मऊ तळाच्या चपलेशिवाय वीटभट्टीवर पाऊल टाकायचं नाही, पुन्हा जखम झाली तर पाय वाचेल की नाही सांगता येत नाही. आणि हंगामभरासाठी मजुरांना नेणारा भट्टीचा ट्रक त्याच दुपारी मासवणहून सुटणार होता. रात्रीचं शिबिर ऐकून तिने चपलेचा नाद सोडला असणार.

रिक्षा पुन्हा पाड्यापाड्यातून पिटाळली. या वेळी मी स्वतः आत बसले आणि भोंगा माझ्या हातात घेतला.

ती आली ती डोक्यावर बोचकं, काखेत कोंबडी, मागे नवरा. निघायच्या तयारीनेच. नाईटांनी तिला बाकावर बसवलं, स्वतः खाली बसले आणि कोमट पाण्याच्या घमेल्यात तिचे पाय घेतले.

"म्हातारबा, सोडा पाय! मी धुते ना," ती पाय ओढू लागली.

"बस गं. आमच्यात पेशंट म्हंजे मालक. मालकानं गप बसायचा."

"ऐकलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी मालक हाय."

"आजच्या दिस," नवरा म्हणाला. कोंबडी आता त्याच्या काखेत होती.

कारागिरांनी कागदावर पाय ठेवून माप काढलं आणि नमुना पुढे केला. काळ्या रबराचा जाड तळ, रुंद काळे पट्टे, मागे बक्कल. तिचा चेहराच उतरला.

"ही नको."

"का गं? मऊ आहे, हात लावून बघ."

"मऊ हाय, पन ही चप्पल समदी वळखतात, बाय. मुकादम बघंल आनि ट्रकातनं उतरवंल. बायका मला पान्यापाशी येऊ देनार नाय."

डॉक्टर म्हणाले, "अहो, रोग बरा झालाय तुमचा. आता कुणाला लागणार नाही."

"ते तुमाला ठावं. मुकादमाला कोन सांगनार? तुमी येता ट्रकात?"

चप्पल न घालता गेली तर पाय जाणार होता, घालून गेली तर काम. नवरा रस्त्याकडे बघत होता. ट्रक मनोरच्या बाजूने यायचा होता.

मी कारागिरांना विचारलं, "तळ असाच ठेवायचा आणि पट्टे दुसरे लावायचे. जमेल?"

"पट्टे असले तर जमेल. आहेत कुठे?"

मी खाली पाहिलं. माझ्या पायात बोईसरच्या बाजारातून घेतलेल्या कोऱ्या चपला होत्या. मरून पट्टे, वर सोनेरी फूल. मी त्या काढून त्यांच्या पुढे ठेवल्या.

"बाई, नव्या आहेत!"

"मग जुन्या लावता का तिला? कापा."

त्यांनी तिच्या मापाचा तसाच तळ कापला, माझ्या चपलांचे पट्टे सोडवले, रुंद केले, आतून मऊ चामडं लावलं. रबराची कड घासून पातळ केली, तिला तपकिरी रंग दिला. मागचा पट्टाही मरूनच शिवला, म्हणजे तो फॅशनचा वाटेल. नाईट तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते, पट्टा कुठे घासतोय ते बोटाने चाचपत होते. ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटचा टाका घालायचा होता. आमच्यातली एक धावत जाऊन ड्रायव्हरला चहा देऊन आली. साखर जास्त घातली, म्हणजे तो सावकाश पिईल असा तिचा हिशेब.

ती उठली, चार पावलं चालली, खाली वाकून फुलाकडे बघितलं. नवऱ्याला म्हणाली, "कशी दिसते?"

"चप्पल बरी दिसते," तो म्हणाला. तिने त्याला बोचक्याने ढकललं आणि दोघं ट्रककडे पळाली. मुकादमाने तिच्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं आणि नुसतंच म्हणाला, "लवकर चढ."

मी त्या नमुन्याच्या काळ्या चपला घालून घरी निघाले. बोईसरला गाडीतून उतरून बाजारातून चालले होते. दांडी गावची एक कोळीण माझी नेहमीची, हाक मारल्याशिवाय मला पुढे जाऊ देत नसे. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि बोंबलाची पाटी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"बाय, तुमाला पन?" तिने विचारलं.

मी तिथेच उकिडवी बसले आणि तिला सगळं समजावलं. ऐकून घेतलं तिने. बोंबीलही दिले. पण पिशवीत टाकताना हात लागू दिला नाही.

शिमग्याला भट्टीवरची माणसं गावी आली. ती शाळेतल्या शिबिरात मला शोधतच आली. पाय दाखवले. एक ओरखडा नाही. पट्टे विटले होते, फूल एका बाजूने उसवलं होतं.

"लई गोंधळ झाला, बाय," ती म्हणाली.

"काय झालं? ओळखल्या कुणी?"

"नाय गं! समद्या बायकांना तसल्याच हव्यात. पाय दुखत नाय बोलतात. मुकादमाच्या बायकोनं तर घालून बघितल्या. कुठनं घेतल्या विचारतात. मी बोलले, बोईसरच्या बाजारातनं. आता दुकान विचारतात."

"मग?"

"मग काय? तू दुकान कर. नायतर त्या बाजार पालथा घालतील, तसली चप्पल भेटनार नाय, आनि मंग त्यांना कळंल ना, माजी कुठनं आली."

बरोबर होतं तिचं. नाईटांना कळवलं. ते म्हणाले, माल आमी देतो, दुकान तुमी बघा. कारागिरांनी तीन रंगांचे नमुने करून पाठवले. मी बाजारातल्या चपलांच्या दुकानांत एकेक करून गेले. खरं सांगितलं की दुकानदार नमुना हातातून खाली ठेवतात आणि हात पुसायला रुमाल शोधतात. खोटं सांगावं तर हा माल आणला कुठून, कारखाना कुठला, बिल कुठे, असं विचारतात. एक जण तयार झाला होता, त्याच्या भागीदाराने मोडता घातला. नाईट गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, तेही दरवेळी दुकानाचं विचारतात. ती दर शिमग्याला पट्टे बदलून नेते आणि भट्टीवर सांगते की दुकान सध्या बंद आहे. स्टेशनच्या बाजूची दुकानं विचारून झाली. नवापूर रस्त्याकडची तीन राहिली आहेत, तिथे अजून जायचंय.