ग्रॅहमची तबकडी आणि आमचा दसरा

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, आणि ही गोष्ट मी वेळेवर कबूल केली असती तर आज रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली नसती.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनमध्ये भाड्याच्या घरात राहायचो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको वृंदा आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली आई. मी पंपांची डिझाइनं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. वर्क परमिट संपायला चार महिने उरले होते आणि रेसिडेन्सी हवी तर साहेबाचं पत्र लागत होतं, की हा माणूस आम्हाला कायमचा हवा आहे. पत्र नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. आणि पुण्याची नोकरी सोडताना तिथल्या साहेबाला मी जे काही सुनावून आलो होतो (सगळ्यांसमोर, माइकवरून!), त्यानंतर परतीचे दोर मी स्वतःच्या हाताने कापलेले होते.

ते पत्र देणार होता ग्रॅहम, आमचा साहेब. साठीचा, उंच, भर थंडीत हाफपँट घालणारा आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस. 'देतो' म्हणून त्याला दोन महिने झाले होते.

एका शुक्रवारी चहाच्या सुट्टीत (इथे तिला स्मोको म्हणतात, ओढत मात्र कोणी नाही) ग्रॅहमने अचानक दिवसभराची वीस वाक्यं एका दमात खर्च केली. तरुणपणी तो पश्चिम आफ्रिकेत, मालीमध्ये, बोअरवेल खणायला गेला होता. तिथे वाळवंटाच्या कडेला एक शेतकरी संध्याकाळी गिटार वाजवायचा. ब्लूज नावाचं ते उदास संगीत अमेरिकेतून तिथे गेलं की तिथून अमेरिकेत, यावर लोक आजही भांडतात म्हणे. त्या शेतकऱ्याच्या रेकॉर्ड्स पुढे निघाल्या आणि त्यातली एक ग्रॅहमकडे होती. वादकाचं नाव त्याने सांगितलं, पण ते मला तेव्हाही उच्चारता आलं नाही. मी आपला म्हणालो, आमच्या घरी असलंच संगीत रोज चालू असतं. का म्हणालो? जिभेला हाड नसतं म्हणून. आणि ते पत्र समोर दिसत होतं म्हणून.

सोमवारी ग्रॅहम ती रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. मधल्या गोल कागदावर वादकाने स्वतः बॉलपेनने केलेली सही होती. ग्रॅहम म्हणाला, तीस वर्षांत ही मी कोणाच्या हातात दिलेली नाही, पण तू दर्दी आहेस.

आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. कधीच नव्हतं.

मंगळवारी त्याने विचारलं, कशी वाटली. मी म्हणालो, दोनदा ऐकली. बुधवारी म्हणाला, आणि ते दुसरं गाणं? मी डोळे मिटून म्हणालो, तिथे तर पाणीच येतं डोळ्यांत. त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. ते लग्नात नाचायचं गाणं होतं. 'आनंदाश्रू,' मी म्हणालो. मग त्याने सुई कुठली वापरतोस म्हणून विचारलं. सुई म्हटल्यावर मला फक्त वृंदाचं शिवणाचं मशीन आठवलं! मी घाईघाईने म्हणालो, साधीच आहे, आणि आमचं यंत्र हल्ली जरा रडतं. माझ्या मते ही पळवाट होती. 'स्वीट ॲज,' म्हणजे इथल्या भाषेत 'झकास', ग्रॅहम म्हणाला. 'रविवारी तुमच्याकडे जेवायला येतोच आहे. माझ्याकडचं जादा यंत्र घेऊन येतो. एकत्र ऐकू.' (जेवायला वृंदाने बोलावलं होतं. पुरणपोळीवर पत्र निघेल असा तिचा हिशेब होता.)

दुसऱ्या दिवशी दसरा होता. संध्याकाळी घरी आलो तर देवापुढे पाट मांडलेला. पाटावर माझा लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, वृंदाची कात्री, आईची ज्ञानेश्वरी आणि या सगळ्यांच्या मधोमध, हळदकुंकू वाहिलेली, अक्षता टाकलेली, ग्रॅहमची तबकडी. तिच्यावर शिवणाच्या खडूने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली, अगदी आम्ही शाळेत पाटीवर काढायचो तशी.

'आई, हे काय केलंस?'

'घरात पाटी नाही,' आई शांतपणे म्हणाली. 'दोघं इंजिनियर, आणि घरात एक पाटी नाही. मग हिच्यावर काढली. काळी आहे, वर बारीक रेघा आहेत, आणि गाण्याची आहे. सरस्वतीला आणखी काय हवं? उद्या कोरड्या फडक्याने पुसून देईन.'

तिला पुसू द्यायला हवी होती. आता कळतंय. पण तेव्हा मी म्हणालो, 'आई, तू आता कशालाही हात लावू नकोस.' माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महागडं वाक्य.

मी तबकडी सिंकमध्ये घेतली. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. हळद साबणाला लागली की लाल होते हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण आठवलं केव्हा, तर अख्खी तबकडी रक्तबंबाळ दिसायला लागल्यावर. मग पाणी जास्त गरम केलं. मधला कागद सुटला आणि सहीसकट सिंकच्या जाळीत जाऊन बसला. मी तो चिमट्याने काढला. कागद निघाला, सही निघून गेली होती.

आता वाळवायची कशी? बाहेर ऑकलंडचा नेहमीचा पाऊस. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्यात लोक ओले मोजे, टॉवेल वाळत टाकतात. त्या कपाटात मी ती उभी करून ठेवली आणि झोपलो. सकाळी उघडून बघतो तर तिच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आलेल्या. मला रडू फुटलं. खरंच फुटलं, ऑफिसचा शर्ट घालून मोज्यांच्या कपाटासमोर उभा राहून मी रडलो.

वृंदाने धीर दिला, म्हणजे 'तू ना!' एवढंच म्हणाली. मग आम्ही तबकडी दोन टॉवेलांच्या मध्ये ठेवली, वर पोळपाट, पोळपाटावर पाच किलो तांदूळ भरलेला मोठा कुकर. रविवारपर्यंत ती पापडाची पोळी झाली, पण चारी बाजूंनी वेगवेगळ्या उंचीची. मी विचारलं, ग्रॅहमला सांगून टाकू का? वृंदा म्हणाली, आधी पत्र घे, मग सांग. आई म्हणाली, आधी सांग, पत्राचं देव बघेल. मी दोघींचंही ऐकलं नाही. काहीच करायचं नाही असं ठरवलं, ते मला छान जमतं.

रविवारी ग्रॅहम यंत्र घेऊन आला. दोन पुरणपोळ्या त्याने मन लावून खाल्ल्या आणि मग हात धुऊन तबकडी मागितली. टॉवेलातून काढून यंत्रावर ठेवली, तर ती तीनच ठिकाणी टेकली. त्याने तरीही सुई ठेवली. गिटार सुरू झाली, पण एकदा जवळ यायची, एकदा लांब जायची, वादकाला झोपाळ्यावर बसवल्यासारखी. मध्येच खडूची खरखर. अर्धं गाणं तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. त्याच्याकडे बघवेना.

'ऑकलंडची हवा फार दमट,' मी म्हणालो.

तेवढ्यात आई पुढे झाली. 'आय डू पूजा ऑन दिस,' ती म्हणाली. 'विथ चॉक. सॉरी.'

पुढचं वृंदाने भाषांतर केलं. ग्रॅहमने विचारलं, पूजा कशाला? आई म्हणाली, ज्यातून आपण शिकतो आणि ज्यावर आपलं पोट चालतं, त्याला आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो. ग्रॅहमने सुई उचलून बाजूला ठेवली. म्हणाला, तो शेतकरीसुद्धा गिटार हातात घेण्याआधी तिला कपाळ लावायचा. त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, वाचलो!

'पण खडूने रेकॉर्ड वाकत नाही,' तो म्हणाला.

'माय सन वॉश,' आई म्हणाली. ही बाई आयुष्यात कधी खोटं बोलली नाही आणि त्या दिवशीही सुरुवात केली नाही. 'हॉट वॉटर. देन कपाट. देन कुकर.'

ग्रॅहम माझ्याकडे वळला. 'तू ही कशावर ऐकलीस?'

'ऐकली नाही,' मी म्हणालो. 'आमच्याकडे यंत्रच नाही.'

त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला. 'पत्र आणलं होतं. यात थोडी दुरुस्ती करावी लागेल,' म्हणाला. आईला वाकून नमस्कार केला, तबकडी घेतली आणि गेला. यंत्र आमच्याकडेच विसरला. ते परत कसं करायचं, याचंही मला टेन्शन.

पुढचे चार दिवस मी जेवलो नाही. पुण्याच्या साहेबाला माफीचं पत्र लिहायला घेतलं, तर 'माननीय'च्या पुढे पेन सरकेना. वृंदाने न बोलता सुटकेसा माळ्यावरून खाली काढल्या.

शुक्रवारी पत्र मिळालं. नोकरी कायमची, फक्त ऑकलंडला नाही. दक्षिणेच्या बेटावर, क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीतल्या शाखेत. ऑकलंडबाहेरच्या नोकरीला रेसिडेन्सीच्या अर्जात जास्त गुण मिळतात, ग्रॅहम म्हणाला, तुझ्याच भल्याचं आहे. गुण मिळतात हे खरं होतं. पण त्याच्या उरलेल्या रेकॉर्ड्स आणि मी, यांच्यामध्ये त्याने एक अख्खा समुद्र घालून घेतला हेही खरं होतं.

रेसिडेन्सी मिळाली. आम्ही हॉर्नबीला आलो. पहिल्याच दिवशी तिथला साहेब हसत हसत म्हणाला, 'ग्रॅहम सांगत होता, तुला संगीताची फार आवड आहे. माझ्याकडे जुन्या टेप आहेत, नेतोस का घरी?' मी म्हणालो, मला जन्मापासून कमी ऐकू येतं.

तेव्हापासून अख्खं ऑफिस माझ्याशी ओरडून बोलतं आणि मी प्रत्येक वाक्याला दोनदा 'काय?' म्हणतो. गेल्या महिन्यात सगळ्यांनी वर्गणी काढून मला कानाचं यंत्र भेट दिलं. मी ते बंद ठेवून कानात घालतो, त्यामुळे आता मला खरंच काही ऐकू येत नाही.