सासरे, मी आणि मागचा डिफरन्शियल

लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसं बसतात, छत कापडाचं, आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना. सातपूरच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावरच्या छोट्या शर्यतींत ही गाडी पळवते. सासरी आले तेव्हा नातेवाइकांना या गाडीचं काय करायचं तेच कळेना. नवऱ्याला गाड्यांमध्ये रस नाही. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हात घालायला जागाच नाय ठेवली यांनी."

ते मूळचे देवळ्याकडचे. घरची कांद्याची शेती भावांवर सोपवून फौजेत गेले आणि तोफा ओढणाऱ्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर देवळाली कॅम्पातच घर बांधलं. घराच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात त्यांची हत्यारं आणि आता माझी गाडी.

मागच्या हिवाळ्यात सराव करताना ती गाडी मला अनोळखी वाटायला लागली. अवघड वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की आतल्या बाजूचं चाक जागच्या जागी गरगर फिरायचं, रबराचा वास यायचा आणि गाडी पुढे सरकायचीच नाही. मी टायर बदलले. फरक शून्य.

"डिफरन्शियल बघू," बाबा म्हणाले. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा हा डबा. माझ्या गाडीत तो लिमिटेड स्लिप प्रकारचा आहे. त्याच्या आत एकमेकींवर दाबलेल्या पातळ प्लेटा असतात. एक चाक घसरायला लागलं की त्या त्याला आवरतात आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवतात. बाबांनी ट्रकांचे डिफरन्शियल कितीतरी उघडले होते, पण अशा प्लेटांचा एकही नाही. म्हणून मी मोबाइलवर त्याची माहिती काढून मोठ्यानं वाचायला लागले. नव्या प्लेटा हळू वळताना कटकट आवाज करतात, असं त्यात होतं. तिथे मी थांबले. माझी गाडीसुद्धा पार्किंगमध्ये वळवताना तसा आवाज करायची. मध्येच कधीतरी तो बंद झाला होता आणि मला वाटलं होतं, बरं झालं, गेला.

आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि मागचं एकच चाक जॅकवर उचललं. दुसरं जमिनीवर. प्लेटा धड असत्या तर ते उचललेलं चाक हातानं हललंही नसतं. बाबांनी एका हातानं फिरवलं, तर ते सायकलच्या चाकासारखं फिरलं.

मग तेल काढलं. काळंकुट्ट, आणि उन्हात धरलं तर आत चमचम. तळाच्या बोल्टवरच्या लोहचुंबकाला लोखंडाचा भुगा मेंदीसारखा चिकटलेला.

"संपल्या या प्लेटा," ते म्हणाले.

आत प्लेटा ज्या खाचांत बसतात त्या खाचाही झिजल्या होत्या, त्यामुळे आम्ही डिफरन्शियलचा आतला अख्खा संचच नवा मागवला. तो परदेशातून यायला बरेच दिवस लागले. आल्यावर आम्ही रविवार धरले. बाबा खोलायचे, पुसायचे, डाव्या-उजव्या भागांवर पंचनं खुणा करायचे; मी मापं घ्यायची. एकमेकांत बसणाऱ्या दातेरी चाकांच्या दात्यांमधली मोकळीक डायल गेजवर बघायची आणि हवी तितकी येईपर्यंत पातळ चकत्या बदलत राहायचं. माप बरोबर आलं. पण दात्यांना पिवळा रंग लावून फिरवलं तेव्हा रंग मधोमध न पुसता एका कडेला पुसला गेला.

"हे बरोबर नाही वाटत मला," मी म्हणाले.

"चालतंय. याच्याहून वाईट चालवलेत आम्ही."

ट्रकांबाबत ते खरं असणार. पण मला पुढच्या महिन्यातली शर्यत दिसत होती, त्यामुळे मीही ताणलं नाही.

गाडी जोडली आणि आम्ही दोघं त्र्यंबकच्या रस्त्याला निघालो. वेग थोडा वाढला आणि मागून बारीक, लांबलचक रडणं सुरू झालं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद, दिला की परत सुरू.

"बाबा, ऐकलंत?"

"काय?"

"आवाज."

"काय नाय. मस्त चाललीय."

तो आवाज असा होता की शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यानंही वळून पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते. नीट पाहिलं तर माझ्या ओठांकडे. मी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा घ्यायचा का?" उत्तर आलं नाही. चहाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही.

मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये."

त्यांनी नजर समोरच्या डोंगराकडे वळवली. मग म्हणाले, "तोफांच्या शेजारी राहून गेलं. एकदम नाय, हळूहळू. जाड आवाज येतात. बारीक नाय येत."

"घरात कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? मेकॅनिकला ऐकू येत नाय म्हटल्यावर कोण हात लावू देईल गाडीला? तूसुद्धा नसता दिला."

दिला असता की नसता, ते मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "रंग कडेला पुसला होता, ते तर दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं ना? मग कानांचा काय संबंध? उघडू परत."

घरी गाडी चारी बाजूंनी स्टँडवर चढवली. मी आत बसून इंजिन चालू केलं आणि गिअर टाकून चाकं फिरवली. बाबांनी एक लांब सळई डिफरन्शियलच्या डब्याला टेकवली आणि तिचं दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावलं. जरा वेळानं म्हणाले, "हां. रडतंय खरं."

पुन्हा सगळं खोललं. या वेळी पुढच्या छोट्या दातेरी चाकामागची चकती बदलली आणि रंग मधोमध पुसला जाईपर्यंत आम्ही थांबलो नाही. शर्यत हुकली. तिच्या दिवशी आम्ही दोघं शेडमध्ये ग्रीसनं माखलेलेच होतो, आणि जेवायची वेळ टळून गेली तेव्हा मला तिची आठवण झाली.

नव्या प्लेटा एकमेकींना बसाव्यात म्हणून नवं तेल भरून गाडी संथपणे आठच्या आकड्यात फिरवावी लागते. एका मोकळ्या मैदानावर मी तशा फेऱ्या मारल्या. दर वळणाला मागून कटकट, कटकट. रडणं मात्र गेलं होतं. बाबांनी सीटमागच्या पत्र्यावर तळवा ठेवला होता. "हाताला लागतंय," ते हसून म्हणाले.

परतताना मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. बाबा म्हणाले, "येतो. पण तू चल. पोराला नंतर सांगू."

कानातलं यंत्र मिळालं त्या दिवशी त्यांनी मिक्सरबद्दल तक्रार केली, गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल केली, आणि माझा नवरा जेवताना किती आवाज करतो याबद्दलही. संध्याकाळी शेडमध्ये आले आणि म्हणाले, "चालू कर."

मी इंजिन चालू केलं. ते बॉनेटवर वाकून, डोळे मिटून इंजिनातली बारीक टकटक ऐकत उभे राहिले.

"टॅपेट वाजतायत," ते म्हणाले. "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"मग बोलली का नाय?" असं म्हणून ते पाने काढायला वळले.