इस्त्रीच्या शर्टातलं स्नान

अमेरिकेत आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ओळखीचे एक काका जपानमधल्या एका शांत किनारी गावाचे गोडवे गातात. जुनी लाकडी घरं, गरम पाण्याचे झरे. "वहिनी, गुडघे लोण्यासारखे होतात!" त्यांच्या भरवशावर गुडघेदुखीने त्रासलेली माझी आई तिकीट काढायला निघाली. मला मात्र संशय होता. त्यांनी दाखवलेल्या तिथल्या प्रत्येक फोटोत काकांचे केस कोरडे आणि शर्ट इस्त्रीचा! असल्या बाता ऐकून घ्यायच्या तरी का? परवाच्या पॉटलकला मी सगळ्यांदेखत विचारलं, "काका, तुम्ही स्वतः पाण्यात उतरलात का?"

ते चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले. "अगं, तिथे सगळे कपडे काढावे लागतात. मी आपला बाहेर चहा पीत बसलो."

आई म्हणाली, "बायकांचं कुंड वेगळं असतं ना? मग मी उतरणार. गुडघे माझे आहेत."