काकूला शॉक कसा बसला

परवा घरातल्या मुंजीत पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली गेली: एका बेफिकीर मिस्त्रीने चुकीचं वायरिंग केलं आणि आमची काकू देवघरात मरता मरता वाचली. मी पानावरून उठलो. हे खोटं आहे आणि ते आमच्याच घरात रचलं गेलं.

आमचं संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं तेव्हा आम्ही खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात राहत होतो. वडील वीज खात्यात अधिकारी. नव्या सरकारात कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरे. खात्यातल्याच मिस्त्रीने आमच्या देवघरात दिवा बसवला. तो गेल्यावर काकूने मला विचारलं, "ही वीज जाते तरी कशातनं रे?"

मी कॉलेजात विज्ञान शिकत होतो. म्हणालो, "तांब्यातून, पितळेतून जाते. रेशमातून, लोकरीतून नाही."

"म्हणजे विटाळासारखीच की."

"अगदी तशीच," मी हसत म्हणालो. पाण्याचं सांगायचं मला सुचलं नाही.

आमच्याकडे सोवळ्यात ओलेतं आणि रेशीम सारखंच, दोन्हींना विटाळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी काकू आंघोळ करून ओल्या लुगड्यानिशी आली आणि मिस्त्रीचा हात लागलेला पितळी होल्डर शुद्ध करायला, दिवा चालू असतानाच, ओल्या फडक्याने पुसू लागली. पाण्याने वीज थेट तिच्या हातात आणून सोडली. बोटं भाजली, ती फरशीवर फेकली गेली.

शुद्धीवर येताच म्हणाली, "मीच पुसायला गेले."

"वहिनी, तुम्ही गप्प पडून राहा," वडील म्हणाले. अस्पृश्यता संपली म्हणून सभांतून बोलणाऱ्याच्या घरात होल्डरचा विटाळ काढला जातो, हे बाहेर जाणं त्यांना परवडणार नव्हतं. त्यांनी शेरा मारला: काम सदोष.

मिस्त्री आला तो दारातच उभा राहिला. "साहब, तार खुद देख लीजिए." वडील वर्तमानपत्र वाचत राहिले. मग तो माझ्याकडे वळला. "भैया, आप तो यही पढ़ते हैं. आप ही बता दीजिए."

"मुझे इसमें कुछ नहीं मालूम," मी म्हणालो.

त्याला काढलं. आणि आमची माणसं अजून त्याच्यावर हसतात, श्रीखंड खात. तर ऐका. वायरिंग चोख होतं. शेरा मारण्याआधी वडिलांनी ते स्वतः तपासलं होतं आणि मी टॉर्च धरून शेजारी उभा होतो.