चासी नंबर

एखादी गोष्ट पटली नाही की मावशी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या, टेबलावर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "ठेवशील रे तू. काढशील कसं?"

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. पगार सगळ्यांत कमी, पण त्याच्याशिवाय पान हलत नाही.

नेरूळच्या आमच्या छोट्या संस्थेत आम्ही आसपासच्या जुन्या गावांतली लग्नाची गाणी जमवतो. लोक पेटीच्या तळातून कॅसेटी काढून आणतात, आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. नोंदी मावशी करायच्या. त्याआधी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत, रेकॉर्ड रूममध्ये त्यांची उभी हयात गेली होती. मी संस्थेतला एकमेव इंजिनिअर, म्हणजे स्वतःच्या मते फार शहाणा.

हा सगळा साठा ठेवायचा कसा, हे मी ठरवायचं होतं. मी फोल्डरांची छान उतरंड रचली. आधी गाव, त्यात घर, त्यात गाणारी बाई. "एका गाण्याला एकच जागा. गोंधळच नको," मी ऐटीत म्हणालो.

टकटक.

"सायबा, ट्रकचा मालक बदलतो, गाव बदलतं, नंबरप्लेटपन बदलते. आमी फाइल चासी नंबरवर लावायचो. तो गाडीच्या सांगाड्यावरच कोरलेला, काय बदलत नाय. बाकीची नावं येगळ्या रजिस्टरात. कुठल्यापन नावानं या, फाइल हातात."

"मावशी, हे ट्रक नाहीत, बायका आहेत."

"मग तर सगळंच बदलतं," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला. त्यातली सुकटीची चटणी मी हक्काने घेतली, सल्ला मात्र घेतला नाही.

महिन्याभरात शिरवण्याहून एक बाई आल्या. त्यांची आई धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नात विधींची गाणी गाणारी. तिला जाऊन वर्ष झालं होतं. "माझे आयचा गाना हाय का तुमचेकरं?" बाईंनी विचारलं. "परवा पोरीची हलद हाय. आयचा आवाज पायजे."

मी शिरवण्याचा फोल्डर उघडला. त्यांचं घर शोधलं, आईचं नाव शोधलं. काही नाही. "नाही हो ताई, आमच्याकडे नाही." बाई पिशवी उचलून दाराकडे निघाल्या.

"थांबा वो," मावशी म्हणाल्या. "आईचं माहेर कुठलं?"

उरणकडचं एक गाव निघालं.

"आनि लग्नाआदीचं नाव?"

ते बाईंना माहीतच नव्हतं. लग्नात नवऱ्याने नवं नाव ठेवलं, त्यानंतर जुनं नाव सासरी कुणी घेतलंच नव्हतं. त्यांनी तिथूनच मामांना फोन लावला. मामांनी नाव सांगितलं, वर म्हणाले, तुमच्याकडे कॅसेट मीच तर दिली होती.

उरणकडच्या फोल्डरात ती होती. माहेरच्या कुठल्याशा लग्नात गायलेली, माहेरच्या नावाने. आधी मांडवातला गलका आला, मग एक बारीक पण ठाम आवाज. बाईंनी पदर तोंडाला लावला. "आयच हाय," त्या म्हणाल्या. आम्ही गाणं तीनदा लावलं.

मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाणं आमच्याच कपाटात होतं आणि मी त्या लेकीला नाही म्हणून सांगितलं होतं. मावशींनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पेन ड्राइव्ह शोधून दिला.

दुसऱ्या दिवशी मी उतरंड मोडली. आता प्रत्येक गाण्याला एक कायमचा नंबर आहे आणि सगळी गाणी एकाच जागी. नावांचं रजिस्टर वेगळं. त्यात माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, दोन्ही गावं. राहिलेली नावं मिळवायला मावशी कित्येक महिने फोन लावत बसल्या. "वैनी, तुमचं पयलं नाव काय?" पलीकडची बाई आधी लाजायची, मग तासभर बोलायची.

आज लोक या रचनेबद्दल माझं कौतुक करतात. मी शिकलेल्या सगळ्या पुस्तकांत जे सापडलं नाही, ते मला या दहावी शिकलेल्या बाईने दिलं. त्यांचे उपकार मी त्यांच्या तोंडावर कधी मानले नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. माइक तपासताना त्यांनी एकदा अर्धा पाळणा म्हटला होता. "बंद कर रे, खोकला आला," इथे तो तुटतो. मी त्याला नंबर दिला. सासरचं नाव लिहिलं. माहेरच्या नावाचा रकाना भरता येईना. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

कामोठ्याला त्यांच्या घरी गेलो. मावशींचे यजमान, म्हणजे काका, बराच वेळ आठवत बसले. "शाळेच्या दाखल्यावर असंल," ते म्हणाले. "बगून सांगतो."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी नाव सावकाश सांगितलं, मी लिहून घेतलं. आता ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"मीच बदललं होतं वो लग्नात," काका म्हणाले. "पयलंच चांगलं होतं."