माती चार वाजता

पोरीला बॉक्सिंगला घालायचं म्हणून कुणी बाप आला की त्याचा पहिला सवाल ठरलेला असतो. सर, ताकद किती लागते? माझं डोकं तिथंच फिरतं. ताकद बैलाला पण असते. बारा वर्षं झाली, लातुरात डाळ मिलच्या मागं पत्र्याच्या शेडात मी पोरं शिकवतोय, ताकदवान पोरं ढिगानं बघितलीत. दोन मिनिटांत तोंड उघडं पडतं, हात खाली येतात आणि मार खातात. आमच्याकडं कुस्तीचं वेड, त्यामुळं मागं सरलं म्हंजे इज्जत गेली, हे प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं. अरे बाबा, अर्धं पाऊल मागं सरलास तर समोरच्याचा ठोसा हवेत जातो, आणि हवेत गेलेला ठोसा मारणाऱ्यालाच थकवतो. एवढं कळायला एकेकाला तीन वर्षं लागतात.

अक्षराला ते आठवड्यात कळालं.

तिचे अप्पा, शंकरप्पा, तिला घेऊन आले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. शिरूर ताजबंदच्या पुढं, उदगीर रस्त्यावरच्या गावात त्यांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरी टोपी, आवाज एकदम खालचा. मला म्हणले, “सर, ही शाळेत तिघांना मारून आली. म्हणलं मारायचंच हाय तर शिकून तरी मार.” पोरगी खाली बघत उभी. मी म्हणलं, चला, बाप तरी कामाचा दिसतोय.

पुढं एकदा मी त्यांच्या दुकानावर गेलो होतो. अक्षरा गल्ल्यापाशी बसलेली. गिऱ्हाईक उंबऱ्यात यायच्या आत हिचा हात बरणीवर. एकाला साखर, एकाला चहापत्ती, एकाला बिडीचं बंडल, कुणी तोंड उघडायच्या आत. मी विचारलं, कसं कळतंय गं तुला? म्हणली, “बिडी मागणारा आधी मागं वळून बघतोय सर. चहापत्तीवाली बाई घाईत असती, तिचा खांदा आधीच पुढं येतोय.” मी तिथंच ओट्यावर बसलो. इतकी वर्षं पोरांना जे घसा फोडून सांगत आलो, ते ही पोरगी साखर तोलता तोलता शिकलेली. ठोसा हातातून निघत न्हाई. आधी पाय दबतो, मग खांदा हलतो, हात सगळ्यात शेवटी येतो. हात बघत बसणारा मार खातो. मी तिला एवढंच सांगितलं, गिऱ्हाईक बघतीस तसं समोरच्या पोरीला बघ. आणि आधी तू हलायचं न्हाई. ती हलेपर्यंत थांबायचं.

बाकीचं मेहनतीचं. पहाटे साडेपाचला शेडात, दोरीवरच्या उड्या, पायांचं काम, श्वास नाकानं. ठोसा येताना डोळे मिटायचे न्हाईत, याला वर्ष गेलं. राहायला लातुरात मावशीकडं. बोलणं कमी, “हाव सर” एवढंच. कधीकधी मला राग यायचा, म्हणायचो, अगं नडगीवर मारलं तरी बोलशील का न्हाई तू? ती हसायची.

चार वर्षांत राज्याच्या फायनलला पोचली. स्पर्धा नांदेडला, गेल्या डिसेंबरात. अप्पा तिच्या प्रत्येक मॅचला यायचे. लिंगायतांत लहानपणापासून गळ्यात इष्टलिंग असतं, आणि रिंगमधी गळ्यात काही चालत न्हाई. मग ती ते काढून अप्पांच्या हातात द्यायची आणि चढायची. फायनलच्या दिवशी ते सकाळच्या बसनं निघणार होते.

सकाळी सव्वासहाला तिच्या भावाचा, रुद्रेशचा फोन आला. अप्पा गेले. अंघोळ करून कपडे घालून बसले होते, बसल्या जागी गेले. मी मुक्कामाच्या हॉलबाहेर नळापाशी उभा होतो, हातात ब्रश. रुद्रेश रडत न्हवता. म्हणला, “सर, अक्षीला आत्ता सांगू नका. अप्पांचं एवढंच होतं, तिची फायनल. मॅच झाली की लगेच घेऊन या. माती चार वाजता हाय.”

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. लिंगायतांत जाळत न्हाईत, माणसाला बसवून पुरतात. एकदा माती लोटली की चेहरा दिसायचा न्हाई. चारच्या आत पोचलं तर पोरीला बापाचं तोंड दिसणार, न्हाईतर न्हाई. एवढी सरळ गोष्ट होती. मॅच अकराची, गाव अडीच तासांवर. मी बोटावर हिशोब केला, बसतंय म्हणलं, आणि तोंड धुतलं. खरं सांगतो, मला काहीच वाटलं न्हाई. मी चहा पण घेतला.

अक्षरानं विचारलं, अप्पा निघाले का? मी म्हणलं, “बस चुकली त्यांची. मागच्यानं येतायत.” तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं न्हाई, जरा खाली. म्हणली, “हाव सर.” मॅच उशिरा सुरू झाली, साडेबारा वाजले. चढायच्या आधी तिनं गळ्यातलं काढून माझ्या हातात दिलं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या खिशात फोन होता, बंद केलेला. रुद्रेशचं नाव तिला दिसू नये म्हणून सकाळीच बंद केला होता.

समोरची पोरगी पुण्याकडची, हिच्यापेक्षा चार बोटं उंच. पहिल्या राउंडला ती नुसती मारत सुटली आणि अक्षरा अर्धं पाऊल मागं, अर्धं पाऊल बाजूला. एक ठोसा लागला न्हाई. तिचा चुकला की हिचा डावा लागायचा, बस. हिच्या चेहऱ्यावर ना राग ना घाई. दुकानात माप घालताना असायची तशी. शेजारचा एक सर मला म्हणला, शेषेराव, ही पोरगी कुठनं आणली? मी छाती फुगवून हसलो. हसलो मी त्या दिवशी.

राउंड संपला. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. मी तिच्या तोंडातलं गार्ड काढलं, पाणी दिलं. तिनं गुळणी केली आणि समोर बघत विचारलं, “सर, माती किती वाजता हाय?”

मी बाटलीचं बूच लावलं. मिनिटभराची सुट्टी असते, त्यातली वीस सेकंदं गेलेली. कुणी सांगितलं तिला? कुणी सांगायची गरजच न्हवती. माझा खांदा सकाळपासून पडलेला असणार, आणि ती पोरगी खांदा बघायला गल्ल्यावरच शिकलेली.

“चार,” मी म्हणलं.

“बरं,” ती म्हणली, आणि गार्डसाठी तोंड उघडलं.

तेव्हा रिंगमधी टॉवेल टाकून मॅच सोडायला पाहिजे होती का? लोक दोन्ही बोलतात. टाकला असता तर अप्पांचं मन मोडलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. त्याचं मला तेवढं लागत न्हाई. पुढच्या दोन राउंडांत तिनं जे केलं ते मी परत कुणात बघितलं न्हाई. एक पाऊल फुकट गेलं न्हाई, एक श्वास वाया न्हाई. पाचही पंचांनी निकाल तिलाच दिला. पंचानं तिचा हात वर केला तेव्हा ती दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तशी बघत होती.

एक वाजायला आला होता. तिथनं निघालो असतो तर साडेतीनला गावात.

मी निघालो न्हाई. पाहुणे वाटेत आहेत, दहा मिनिटांत मेडल देऊन टाकू, असं संयोजक म्हणले. माझ्या पत्र्याच्या शेडातनं राज्याचं सोनं पहिल्यांदा आलेलं. बारा वर्षं मी लातुरात पक्क्या रिंगसाठी अर्ज करून बेजार झालो होतो. पाहुण्यांसोबत मेडलचा फोटो असला की अर्जाला जोडता येईल, हे माझ्या डोक्यात. फोटो पाहिजे होता मला. दुसरं काही न्हाई. दहा मिनिटांचे सव्वादोन झाले. अक्षरा तिथं खुर्चीवर बसून होती, पाण्याची बाटली मांडीवर, अधनंमधनं माझ्याकडं बघायची. ती काही बोलत न्हाई म्हंजे तिचं काही म्हणणं न्हाई, असं मी धरून चाललो. पोडियमवर ती सरळ उभी राहिली. फोटो चांगला आला.

मग जीप केली. लोह्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या, पुढं अहमदपूरपर्यंत रस्ता खोदलेला. वाटेत फोन चालू केला तर रुद्रेशच्या अकरा मिस्ड कॉलचे मेसेज. मी लावला, त्यानं उचलला न्हाई. अक्षरा खिडकीला बसलेली.

त्यांच्या शेतात पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. माणसं परत निघालेली. मातीचा ढीग, वर बेलाची पानं, विभूती सांडलेली. तिची आई उमादेवी बांधावर बायांत बसली होती, तिनं लेकीला जवळ घेतलं. रुद्रेश माझ्याकडं आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणला, “तासभर अप्पांना बसवून ठेवलं सर. फोन लावून लावून थकलो. मग मातीला आलेले स्वामी म्हणले, दिवस मावळायच्या आत करा.”

मी मान हलवली. आजही रात्री झोप लागते मला, जेवण जातं. याचीच मला लाज वाटते, की आत काही हलत न्हाई.

अक्षरा ढिगापाशी एकटी उभी होती. मी जवळ गेलो आणि मला तिचाच राग आला, खरं सांगतो. म्हणलं, “तुला सगळं ठाऊक होतं. मॅच झाल्याझाल्या बोलायचं की गं. तोंडानं एक शब्द काढायचा. मी काय न्हाई म्हणलो असतो?”

ती मातीकडंच बघत होती. आवाज अगदी साधा.

“मला वाटलं, तुम्ही म्हणाल चल.”